आवडत्या गेमांनी जुन्या मशीनची पारख

सांगली, मिरज, तासगाव, कऱ्हाड, सातारा, कुठेही बघा. भंगारवाल्याच्या गाड्यावर किंवा आठवडी बाजारात जुनं व्हिडिओ गेमचं मशीन अजून हाताला लागतं. सोबत दोन रिमोट, वायर गुंडाळलेला अ‍ॅडाप्टर, कधी एक बंदूक आणि चार-दोन पिवळ्या कॅसेटी. विकणारा सांगतो, "चालू आहे." म्हणजे लाल दिवा लागतो. दिवा लागून मशीन ठार मेलेलं असू शकतं, आणि दिवा न लागणारं मशीन वीस रुपयांच्या सुट्या भागात उठू शकतं. ह्याची पारख करायला माझ्या मते सहा कॅसेटी पुरतात: मारिओ, रणगाडा, रोड फायटर, एक्साइटबाइक, काँट्रा आणि डक हंट. आवडते गेम विचारले तर मी हीच नावं सांगतो. ह्यातला प्रत्येक गेम मशीनच्या वेगळ्या अवयवाला कामाला लावतो, त्यामुळे संग्रहातला आनंद आणि तपासणी दोन्ही एकाच कॅसेटीत होतात.

आधी मशीन काय आहे ते. आपल्याकडच्या घरांत आलेला "टीव्ही गेम" म्हणजे बहुतेक वेळा निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येनांना विक्रीला आला. त्याची कॅसेट ६० पिनांची. अमेरिकेत त्याच घराण्याचं जे एनईएस गेलं त्याची कॅसेट ७२ पिनांची आणि आकाराने मोठी, ती आपल्या मशीनमध्ये बसत नाही. आतला हिशोब मात्र एकच: साधारण १.८ मेगाहर्ट्झवर चालणारा ६५०२ जातीचा प्रोसेसर, कामाला २ किलोबाइट मेमरी आणि चित्र काढायला एक वेगळी चिप. नकलेत ह्या दोन्ही चिपा कधी वेगवेगळ्या असतात, कधी एकाच काळ्या थेंबाखाली, म्हणजे चिपवर ओतून घट्ट केलेल्या काळ्या गोळ्याखाली. वेगळ्या चिपांचं मशीन मिळालं तर ते आधी घ्यावं, कारण त्यात दुरुस्तीला जागा असते.

कॅसेट लावण्याआधी अ‍ॅडाप्टर बघायचा. सर्वांत जास्त मशिनं इथेच मरतात. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर लागतात आणि पिनेचा मधला भाग ऋण असतो. नकलांना बहुधा ९ व्होल्ट डीसी चालतं, पण मधला भाग धन की ऋण हे मशीनगणिक बदलतं. एनईएसचा अमेरिकी अ‍ॅडाप्टर तर ९ व्होल्टचा एसी देतो. पिन बसते म्हणून तो फॅमिकॉमच्या घराण्यातल्या मशीनला लावला की आत नुकसान होतं.

मशीनवर खूण नसेल तर मशीन उघडून बघा. पत्र्याला स्क्रूने आवळलेली तीन पायांची एक काळी चिप दिसेल, तिच्यावर ७८०५ लिहिलेलं असतं. ती आलेल्या ९ व्होल्टांचे ५ व्होल्ट करते. तिची धातूची पाठ म्हणजे ग्राउंड, विजेची ऋण बाजू. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक त्या पाठीला आणि दुसरं अ‍ॅडाप्टरच्या खोबणीतल्या मधल्या खिळीला लावा. बीप वाजली तर मधला भाग ऋण. कडेच्या पत्तीला वाजली तर मधला भाग धन. ही दोन मिनिटांची तपासणी टाळू नका.

मग वीज देऊन त्याच चिपचा तिसरा पाय मोजायचा. अक्षरं आपल्याकडे करून धरली तर डावा पाय आत येणारी वीज, मधला ग्राउंड, उजवा बाहेर जाणारे ५ व्होल्ट. ४.८ ते ५.२ मध्ये आकडा असला की ठीक. त्याखाली घसरत असेल तर गेम मध्येच गोठतो आणि लोक कॅसेटीला दोष देतात. जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडाप्टर रिकामा मोजला तर ९ च्या जागी १२-१३ व्होल्ट दाखवतो, ते स्वाभाविक आहे. भार पडला की खाली येतो. पण घरातली वीज कमी दाबाने आली की तोही तेवढाच खाली जातो, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी गेम अडकतात त्याचं कारण पुष्कळदा हेच. ९ व्होल्ट, १ अँपिअरचा नवा स्विचिंग अ‍ॅडाप्टर घेतला की हा प्रश्न सुटतो, फक्त धन-ऋण जुळवून घ्यायचं. पडद्यावर आडवे फिकट पट्टे हळूहळू सरकत असतील तर ७८०५ च्या अलीकडचा मोठा कपॅसिटर वाळलेला असतो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा नवा लावा. अंगावरची उभी पट्टी म्हणजे ऋण पाय.

चित्र काळंपांढरं दिसलं तर घाबरू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये कलर सिस्टिम पालवर (PAL) ठेवा. आपल्याकडची बहुतेक मशिनं पाल चित्र देतात, जपानातून आणलेलं मूळ फॅमिकॉम एनटीएससी.

आता मारिओ. सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ च्या सप्टेंबरात आला. अख्खा गेम ४० किलोबाइटांत बसतो: ३२ किलोबाइट प्रोग्रॅम आणि ८ किलोबाइट चित्रं. ८ जगं, प्रत्येकात ४ टप्पे, आणि जागा इतकी तंग की आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळे दिलेत. हा काटकसरीचा कळस आहे आणि मला तो ह्या गेमच्या उड्यांइतकाच आवडतो. प्रोग्रॅमची चिप आणि चित्रांची चिप अशा दोन स्वतंत्र वाटा ह्या कॅसेटीत आहेत, म्हणून पिनांचा संपर्क तपासायला तिच्यासारखी दुसरी कॅसेट नाही.

पिनांची मांडणी अशी. एका बाजूला १ ते ३०, दुसऱ्या बाजूला ३१ ते ६०, म्हणजे १ च्या पाठीला ३१ येते. १ ते १६ आणि त्यांच्या पाठीमागच्या ३१ ते ४६ ह्या जवळजवळ सगळ्या प्रोसेसरच्या. उरलेल्या, म्हणजे १७ ते ३० आणि ४७ ते ६०, चित्रचिपच्या. ३० आणि ३१ वर ५ व्होल्ट येतात. कॅसेटीच्या पट्टीचा, म्हणजे ह्या पिना असलेल्या कडेचा, एक अर्धा भाग डोकं, दुसरा अर्धा डोळे, असं लक्षात ठेवलं की बिघाड वाचता येतो.

स्टार्ट दाबल्यावर गाणं बरोबर वाजतंय, उडीचा आवाज येतोय, पण विटांच्या जागी आकडे आणि अक्षरं दिसतायत? प्रोग्रॅम ठणठणीत आहे, चित्राच्या अर्ध्या भागात एखादी पिन लागत नाही. पडदा नुसता एकरंगी राहिला, करडा किंवा काळा, आवाजही नाही? मग प्रोसेसरचा अर्धा भाग. मारिओ पुढे पळाला की मागचाच पडदा पुन्हा येतो, पाइप आणि डोंगर चुकीच्या ठिकाणी उगवतात? १८ नंबरच्या पिनेकडे बघा, कोणत्या पडद्याच्या शेजारी कोणता पडदा हे तीच ठरवते. आणि एक फसवा प्रकार: चित्र स्वच्छ, गेम चालू, पण आवाज अजिबात नाही. मूळ फॅमिकॉममध्ये आवाज ४५ नंबरच्या पिनेतून कॅसेटीत जातो आणि ४६ मधून परत मशीनमध्ये येतो. त्या दोन पिना काळवंडल्या की गेम मुका होतो. टीव्ही उघडण्याआधी ह्या दोन पिना पुसून बघा.

पुसायचं कसं? फुंकर मारायची नाही. फुंकरीने गेम चालू होतो असं वाटतं, कारण कॅसेट काढून पुन्हा घातली जाते आणि पिना घासल्या जातात. तोंडातली वाफ मात्र पिनेवर बसते आणि तांब्यावर हिरवं चढायला लागतं. ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात तो आयपीए म्हणून मिळतो. इअर बड ओला करा, निथळता नको. पिनेच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे आतून कडेकडे पुसा. आडवं पुसलं तर कापसाचे तंतू कडांना अडकतात. बड काळा निघत राहील तोवर नवा बड घेत जा. डाग हट्टी असेल तर पांढरा खोडरबर हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा आणि पुन्हा आयपीएने पुसा, कारण रबराचा भुगा खोबणीत गेला तर नवा त्रास. पॉलिश पेपर, ब्लेड, भांडी घासायची तार ह्यातलं काही लावू नका. पिनेवरचा मुलामा केसाहूनही पातळ असतो. एकदा तो गेला की खालचं तांबं दर पावसाळ्यात काळं पडणार. गंज सोडवायचा तेलकट स्प्रेही नको, त्यावर धूळ बसून चिखल होतो.

पट्टी स्वच्छ आणि तरी गेम अडखळतो, तर मशीनची खोबणी बघायची. चांगली स्वच्छ कॅसेट आयपीएने ओलसर करून वीज बंद ठेवून दहा वेळा आत-बाहेर करा, मधेमधे पुसत. पट्टीपेक्षा जाड काहीही खोबणीत घालू नका, आतल्या पत्त्या कायमच्या रुंदावतात. अशा रुंदावलेल्या खोबणीत कॅसेट एका बाजूला कलती ठेवली तरच चालते, आणि कागदाची घडी घालून कॅसेट टेकवलेली मशिनं बाजारात दिसतात ती ह्याच कारणाने. ती खोबणी बदलावीच लागते: ६० जागा, प्रत्येकीचं टाक्याचं शिसं ओढून घेणं, घाईचं काम नाही.

रणगाड्याचा गेम, म्हणजे बॅटल सिटी, नामकोचा, १९८५ चा. इकडे तो टँक १९९० ह्या नावानेही फिरला, ती मुळातली नाही, फेरफार केलेली आवृत्ती आहे. मूळ गेममध्ये ३५ टप्पे, प्रत्येक टप्प्यात शत्रूचे २० रणगाडे, आणि त्यांतला चौथा, अकरावा आणि अठरावा लुकलुकत येतो. त्याला मारलं की बक्षीस पडतं. तीन चांदण्या गोळा झाल्या की आपला गोळा पोलादी भिंतही फोडतो. दोघांनी मिळून एका गरुडाची राखण करायची, ही कल्पनाच इतकी नेटकी आहे की चाळीस वर्षांत तिच्यावर फारशी भर घालता आलेली नाही. आणि स्वतःचा नकाशा बांधायची सोय त्यातच.

हा गेम रिमोट तपासतो. रणगाडा चारच दिशांना जातो आणि एका ठोक्याने वळतो, त्यामुळे दिशेचं एखादं बटण उशिरा लागत असेल तर लगेच कळतं. दोन खेळाडूंचा डाव लावा, दुसरा रिमोटही तपासून होतो. बटण जोरात दाबल्यावरच लागत असेल तर रिमोट उघडा: पाठीचे स्क्रू काढले की बटणांखाली रबराची चादर, तिच्या पोटाला काळे कार्बनचे ठिपके, आणि समोर पाटीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, काळ्या कंगव्यासारख्या रेषा. दोन्ही आयपीएने अलगद टेकवून पुसा, रगडू नका, कार्बन निघून येतो. रबर फाटलं असेल तर दुसऱ्या मोडक्या रिमोटचं बसवा. आतल्या वायरी बहुतेकदा जिथून बाहेर पडतात तिथे तुटतात. तेवढा दोन इंच तुकडा कापून पुन्हा डाग द्या.

इथे एक सक्त सूचना. नकलांचे रिमोट ९ पिनांचेही असतात आणि १५ पिनांचेही. ९ पिनांचा प्लग सेगा ह्या दुसऱ्या कंपनीच्या मशीनच्या रिमोटसारखाच दिसतो, पण कोणत्या पिनेवर ५ व्होल्ट आहेत ते प्रत्येकाचं वेगळं. बसतोय म्हणून लावू नका, आधी मोजा.

रोड फायटर आणि एक्साइटबाइक लवकर आटोपतात. रोड फायटर कोनामीचा. फॅमिकॉमवर १९८५ मध्ये आला. एका बटणाने गाडी चालते, दुसऱ्याने वेग ४०० पर्यंत चढतो, आणि पेट्रोल सतत कमी होत असतं. ते बटण पूर्ण वेळ दाबून धरावं लागतं, त्यामुळे कार्बन झिजलेला असेल तर वेगाचा आकडा अधूनमधून आपोआप खाली येताना दिसतो. एवढी बारीक खूण दुसरा गेम देत नाही. एक्साइटबाइक १९८४ चा, त्यात बी बटण धरून ठेवलं की इंजिन तापतं, तीच परीक्षा दुसऱ्या बटणाची. त्यातल्या डिझाइनच्या भागात सेव्ह आणि लोड असे दोन पर्याय आहेत आणि ते निवडले की काही होत नाही. कॅसेट खराब नाही. ते पर्याय जपानातल्या फॅमिकॉमच्या टेप रेकॉर्डरसाठी ठेवले होते.

काँट्रा. ह्या गेमवर माझं सर्वांत जास्त प्रेम आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. कोनामीने तो १९८७ मध्ये आर्केडवर, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवर काढला, आणि १९८८ मध्ये घरच्या मशीनवर आला. घरच्या काँट्राच्या दोन ठळक आवृत्त्या आहेत आणि संग्राहकाने त्या ओळखायला शिकलं पाहिजे. जपानी फॅमिकॉमच्या कॅसेटीत कोनामीची स्वतःची जादा चिप होती. तिच्या जोरावर पहिल्या जंगलात झाडं हलतात, बर्फाच्या टप्प्यात खरोखर बर्फ पडतो, आणि टप्प्यांआधी नकाशा दिसतो. अमेरिकी आवृत्तीत ती चिप नाही. झाडं स्थिर, बर्फाचं वादळ नाही, नकाशा नाही. युरोपात हाच गेम माणसांच्या जागी यंत्रमानव घालून प्रोबोटेक्टर नावाने निघाला. आपल्याकडच्या नकली कॅसेटींत दोन्ही प्रकार सापडतात. झाडं हलताना दिसली तर ती कॅसेट बाजूला काढून ठेवा, तिच्यात जादा चिपचं काम करणारं काहीतरी आहे आणि ती साध्या पाटीची नाही.

तीस लाइफचा कोड: नावाच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, आणि स्टार्ट. दोघांना हवं तर ए नंतर सिलेक्ट आणि मग स्टार्ट. हा कोड काँट्रासाठी केलेला नव्हता. काझुहिसा हाशिमोतो ह्यांनी तो १९८६ च्या ग्रेडियससाठी घातला, कारण गेम तपासायला त्यांनाच तो फार अवघड जात होता. कोड लागत नसेल तर रिमोटवरचं टर्बो ए किंवा टर्बो बी दाबलं जात नाही ना ते बघा. टर्बो एका दाबाचे अनेक दाब करतो आणि क्रम मोडतो. बऱ्याच नकली कॅसेटींत तीस लाइफ आधीच दिलेल्या असतात, तिथे कोडचा प्रश्नच येत नाही.

काँट्रा चित्रचिपची सीमाही दाखवतो. ह्या चिपला एका आडव्या रेषेत ८ हलती चित्रंच काढता येतात. दोन खेळाडू, स्प्रेड नावाच्या बंदुकीच्या फाकणाऱ्या गोळ्या, चार शत्रू एका पातळीत आले की चित्रं लुकलुकतात. हा बिघाड नाही, गेम आळीपाळीने चित्रं दाखवत असतो. एलईडी टीव्हीवर मात्र हीच लुकलुक विचित्र दिसते: टीव्ही येणाऱ्या चित्राच्या ओळी एकमेकींत मिसळून दाखवतो आणि एखादी गोळी किंवा शत्रू पूर्ण दिसेनासा होतो. काँट्रात न दिसणारी गोळी म्हणजे गेलेली लाइफ. काचेच्या जुन्या टीव्हीवर हे होत नाही, म्हणून १४ इंचाचा एखादा चालू टीव्ही जपून ठेवणं संग्रहाचाच भाग समजा.

वेगाबद्दलही बोललं पाहिजे. जपानी आणि अमेरिकी मशीन सेकंदाला ६० चित्रं देतं, आपली पाल मशिनं ५०. म्हणजे गेम आणि त्याचं संगीत साधारण १७ टक्के हळू. आपल्या कानात बसलेलं काँट्राचं गाणं हे मुळापेक्षा संथ गाणं आहे. मूळ वेगात ते ऐकलं की घाईचं वाटतं, आणि उड्यांचे अंदाजही चुकतात. मला दोन्ही आवडतात. पण कुणाशी वेळेची बरोबरी करायची असेल तर मशीन कोणतं ते आधी सांगावं.

डक हंट टीव्ही तपासतो, मशीन नंतर. बंदुकीतून काही सुटत नाही, उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. घोडा दाबला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आधी अंधार, मग उजेड असा क्रम डोळ्याला दिसला तरच बदक पडतं. दिव्याकडे बंदूक रोखून फसवता येऊ नये म्हणून आधीचा अंधार. एलईडी टीव्ही चित्र दाखवायला थोडा उशीर करतो, शिवाय बंदुकीतलं सर्किट काचेच्या टीव्हीच्या रेषा ओढण्याच्या लयीला जुळवलेलं असतं, म्हणून सपाट पडद्यावर एकही बदक पडत नाही आणि चांगल्या बंदुका भंगारात जातात. काचेच्या टीव्हीवरही पडत नसतील तर ब्राइटनेस वाढवा, नळीतली काच पुसा. आणि एक छान गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: एका बदकाच्या खेळात रिमोट हातात असलेला दुसरा माणूस बदक उडवू शकतो.

"९९९९ इन १" कॅसेटींना संग्राहक नाक मुरडतात. मी मुरडत नाही. त्यात वेगळे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकी तेच गेम दुसऱ्या टप्प्यापासून किंवा जादा लाइफ देऊन पुन्हा मांडलेले. पण आपल्या भागात लोकांनी हेच खेळले, अ‍ॅडव्हेंचर आयलंडला आयलंडर म्हणूनच ओळखलं, आणि ती यादी हाच इकडचा दस्तऐवज आहे. यादीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. ह्या कॅसेटींत चिप काळ्या थेंबाखाली असते. थेंबावर बोटाने दाब दिल्यावरच गेम चालत असेल तर आतली बारीक तार सुटलेली आहे, तिला इलाज नाही. कवच मात्र ठेवा, दुसऱ्या पाटीला उपयोगी पडतं.

ज्या गेममध्ये डाव साठवता येतो त्यांचं दुखणं निराळं. गेम बॉयच्या पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये सीआर २०२५ सेल असतो. तो डावही सांभाळतो आणि घड्याळही, म्हणून लवकर संपतो आणि डाव पुसला जातो. रुबी, सफायर आणि एमराल्डमध्ये सीआर १६१६ असतो, पण तिथे डाव फ्लॅश मेमरीत आहे. सेल मेला तर फक्त घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी थांबतात. ह्या कॅसेटी उघडायला साधा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही. गोल्ड-सिल्व्हरला ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. सेलला थेट डाग देऊ नका, तापून फुटतो. पत्र्या जोडलेला सेल मागवा.

प्लेस्टेशन २ चं सांगायचं तर तिथे परीक्षा लेन्सची. पोट निळसर असेल ती सीडी, रुपेरी असेल ती डीव्हीडी. एक निळी आणि एक रुपेरी अशा दोन मूळ डिस्क घेऊन जा. एक वाचून दुसरी न वाचणारं मशीन पुष्कळदा निघतं, कारण सीडी आणि डीव्हीडीला लेझर वेगळ्या तरंगलांबीचा लागतो. संग्रहासाठी हनुमान: बॉय वॉरियर जरूर शोधा. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने केलेला हा गेम भारतात पूर्ण तयार झालेला प्लेस्टेशन २ चा पहिला गेम म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षीचा देसी अड्डा आणि २०१३ चा डॉन २ हेही ठेवण्यासारखे. खेळायला ते मध्यम आहेत, पण डबा, पुस्तिका आणि डिस्क तिन्ही एकत्र मिळणं दिवसेंदिवस कठीण होत चाललंय.

आता साठवण. महाबळेश्वर, पाचगणी, पाटणकडे जुलैत भिंतींना ओल येते, सांगलीत मे महिन्यात लेबलाचा गोंद वाळून कड उचलते. दोन्हीकडे उपाय एकच: झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. ४० ते ५० टक्के आर्द्रता चांगली. सिलिकाचे नारिंगी दाणे ओल पिऊन हिरवे झाले की पुडीतून काढून ११० ते १२० अंशांवर दोन तास वाळवा, पुन्हा नारिंगी होतात. लोखंडी पेटी नको, रात्री तिला आतून घाम येतो. डांबरगोळ्या अजिबात नकोत. कसर लागू नये म्हणून लोक त्या टाकतात, पण त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडून चिकट होतं. रिमोटची वायर मशीनभोवती गुंडाळून ठेवू नका. वायरचं मऊ प्लॅस्टिक कालांतराने कवचात रुतून वितळल्यासारखे चर पाडतं. पिवळं पडलेलं कवच पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड लावतात. माझं मत पिवळंच राहू द्यावं, पुष्कळदा ते पुन्हा पिवळं होतं आणि कवच ठिसूळही होऊ शकतं.

आणि पूर. २००५, २०१९, २०२१ ह्या तीन वर्षांनी सांगलीकराला शिकवलंय की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांच्या धोक्याच्या खुणेकडे चढायला लागलं की सामान वर न्यायचं. डबे तळमजल्यावर ठेवू नका. तरी कॅसेटी बुडाल्याच तर त्या मेल्या असं धरू नका, गेमची चिप पाण्याने मरत नाही. पुराच्या पाण्यात क्षार आणि गाळ असतात, आणि ओली असताना दिलेली वीज मारते. लगेच लावून बघू नका. सेल असलेली कॅसेट आधी उघडा आणि सेल काढा. मग प्रत्येक पाटी कवचातून सोडवा. गाळ वाळण्याआधीच धुवा, काळ्या मातीचा गाळ एकदा वाळला की पिनांच्या फटीतून निघत नाही. पहिला हात साध्या स्वच्छ पाण्याचा, मऊ टूथब्रशने. दुसरा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा. तिसरा आयपीएचा, म्हणजे उरलेलं पाणी ओढलं जातं. सावलीत, पंख्याखाली, उभ्या ठेवून दोन ते तीन दिवस वाळवा. उन्हात नको, पाटी वाकते. कवचं वेगळी धुवा, लेबलाला पाणी कमी लावा. मशीनची पाटी ह्याच पद्धतीने वाचते, फक्त ७८०५ च्या पत्र्यामागे अडकलेली माती काढायला विसरू नका आणि पहिल्यांदा वीज देताना कॅसेट न लावता ५ व्होल्ट मोजा. बुडालेला ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅडाप्टर टाकून द्या. काचेचा टीव्ही स्वतः उघडू नका. बंद असतानाही त्यात हजारो व्होल्ट साठून राहतात, तो टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.